आठ टक्के, दहा टक्के की उणे सात? वाढीच्या समीकरणातला लॉग

साधारण मार्चमध्ये, अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्याची आर्थिक पाहणी विधिमंडळात मांडली जाते आणि पुढचे काही दिवस टक्क्यांशिवाय दुसरं काही वाचायला मिळत नाही. राज्य अमुक टक्क्यांनी वाढलं, शेती तमुक टक्क्यांनी, एक ट्रिलियन डॉलरचं लक्ष्य गाठायला इतके टक्के हवेत. सप्टेंबरच्या आसपास हीच भाषा पतसंस्थांच्या वार्षिक सभांत ऐकू येते. आणि सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत एमए किंवा पीएचडी करणाऱ्या मुलांना ती वर्षभर पुरते. हळदीची आवक, बेदाण्याची उलाढाल, उसाचा एकरी उतारा असा कुठला तरी विषय असतो आणि मार्गदर्शक सांगतात, "लॉग घ्या आणि रिग्रेशन चालवा."

मुलं लॉग घेतात, सॉफ्टवेअर उत्तर देतं, उत्तर प्रबंधात जातं. लॉग का घेतला, कोणता घेतला आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे विचारलं की मात्र शांतता. या लेखात तेवढंच समजून घ्यायचं आहे. लॉग ही निव्वळ आकडेमोडीची सोय नाही. आपल्या मते वाढ कशी होते, याबद्दलचं ते एक विधान आहे, आणि सॉफ्टवेअर ते विधान तपासत नाही. चुकीचं लिहून दिलं तरी तेवढ्याच निमूटपणे उत्तर काढून देतं.

आधी दामदुप्पट

वाढ दोन प्रकारची असते. दरमहा हजार रुपये डब्यात टाकले तर रक्कम बेरजेने वाढते. दर महिन्याची भर सारखीच. पतसंस्थेत दामदुप्पट ठेव ठेवली तर रक्कम गुणाकाराने वाढते. दर वर्षी मुद्दलावर आणि साठलेल्या व्याजावर पुन्हा व्याज, त्यामुळे भर दर वर्षी मोठी होत जाते. सारखा राहतो तो टक्का.

अर्थव्यवस्था, लोकसंख्या, किमती, ठेवी या गोष्टी बऱ्याचदा दामदुप्पट ठेवीसारख्या वागतात. मोठ्या बाजारात एका वर्षात शंभर गाड्या आवक वाढणं किरकोळ, छोट्या बाजारात तेवढीच वाढ म्हणजे उलथापालथ. म्हणून आपण भर किती झाली हे न विचारता "किती टक्के?" असं विचारतो.

अडचण अशी की रिग्रेशनला सरळ रेषा आवडते. रिग्रेशन म्हणजे आलेखावरच्या ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा काढणं. दामदुप्पट ठेवीचा आलेख मात्र सरळ नसतो, तो वर वळत जातो. इथे लॉग कामाला येतो. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉग जगापुढे आणले ते खगोलशास्त्रातले अजस्र गुणाकार सोपे करायला. लॉगची करामत एवढीच की तो गुणाकाराची बेरीज करतो. दर वर्षी १.१० ने गुणलं जाणाऱ्या रकमेचा लॉग दर वर्षी ठरावीक भर घेत वाढतो, म्हणजे सरळ रेषेत जातो. वळणारा आलेख सरळ झाला की रिग्रेशनला हवा तो माल मिळाला.

हे खरंच असं चालतं का, ते पोस्टाच्या किसान विकास पत्रावर पाहा. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर ७.५ टक्के झाला आणि रक्कम दुप्पट होण्याची मुदत ठरली ११५ महिने. हे ११५ आले कुठून? २ चा नैसर्गिक लॉग (लॉगचाच एक प्रकार, तो पुढे येईल) ०.६९३१. १.०७५ चा नैसर्गिक लॉग ०.०७२३. पहिल्याला दुसऱ्याने भागा. साधारण ९.५८ वर्षं येतात, म्हणजे ११५ महिने. पोस्टाच्या खिडकीवर लावलेल्या तक्त्यातही लॉग असतोच, फक्त दिसत नाही.

समीकरण किती साधं आहे

वाढीचं सर्वांत साधं लॉग-रेषीय समीकरण असं:

लॉग(उत्पन्न) = स्थिरांक + गुणांक × वर्ष

बस. डावीकडे लॉग आहे, उजवीकडे वर्षाला लॉग नाही. म्हणून हे अर्धं लॉग, अर्धं साधं. गुणांक ०.०९५३ आला तर उत्पन्नाचा लॉग दर वर्षी तेवढ्याने वाढतो. टक्क्यांत सांगायचं तर लॉग उलटवायचा: ई, म्हणजे साधारण २.७१८, या संख्येचा ०.०९५३ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. उत्तर ०.१०, म्हणजे १० टक्के.

गुणांक लहान असेल तर हे उलटवणं टाळलं तरी फार बिघडत नाही. ०.०५ चे ५.१ टक्के होतात. पण ०.२० चे २२.१ आणि ०.५० चे जवळपास ६५ टक्के होतात. "गुणांकाला शंभराने गुणलं की टक्के" हा मुलांमध्ये रुळलेला नियम लहान आकड्यांपुरताच खरा आहे.

या मांडणीचे दोन फायदे कुणी फारसे सांगत नाही. एक, आकडे टनांत दिले काय, क्विंटलमध्ये दिले काय किंवा रुपयांचे लाख केले काय, वाढदर तोच राहतो. बदलतो तो फक्त स्थिरांक. वर्ष २०११, २०१२ असं दिलं किंवा १, २ असं दिलं तरी तेच. त्यामुळे स्थिरांक उणे १८० वगैरे आला म्हणून घाबरायचं कारण नाही. तो इसवी सन शून्यातल्या उत्पन्नाचा लॉग आहे, त्यात कुणालाच रस नाही.

दुसरा फायदा सांगलीच्या मार्केट यार्डात बसून हळदीवर काम करणाऱ्याला सोन्यासारखा आहे. उलाढाल म्हणजे भाव गुणिले आवक. लॉग घेतला की त्याची बेरीज होते: उलाढालीचा लॉग = भावाचा लॉग + आवकेचा लॉग. त्यामुळे तीन वेगवेगळी समीकरणं चालवली तर उलाढालीचा गुणांक हा भावाच्या आणि आवकेच्या गुणांकांची तंतोतंत बेरीज येतो. उलाढालीचा गुणांक ०.१२, भावाचा ०.१० आणि आवकेचा ०.०२ असेल तर "बाजार वाढला" या वाक्याचं खरं रूप उघडं पडतं. पोती फारशी वाढलेली नाहीत, भाव वाढलाय. उलाढालीचे रुपये चालू भावाने घ्यायचे की स्थिर किमतीने, हा प्रश्न अहवालांत फार हलक्यात घेतला जातो. उत्तर बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं.

"पहिला आणि शेवटचा आकडा घेतला की झालं, रिग्रेशन कशाला?"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो चुकीचा म्हणून झटकून टाकता येत नाही. चक्रवाढ वाढदराचं सूत्र पहिलं आणि शेवटचं वर्ष एवढंच पाहतं. बँकांचे, कंपन्यांचे अहवाल याच सूत्रावर चालतात.

एक काल्पनिक बाजार घेऊ. सहा वर्षांची उलाढाल, कोटींत: १००, ११०, १२१, ७०, १४६, १६१. चौथ्या वर्षी नदीचं पाणी यार्डात शिरलं म्हणून ७०. चक्रवाढ सूत्राने वाढदर येतो १० टक्के. लॉग-रेषीय रिग्रेशनने येतो ८ टक्के, कारण तिथे सहाही ठिपक्यांना मत असतं आणि पुराच्या ठिपक्याने रेषा हलवलेली असते.

आता तोच पूर शेवटच्या वर्षी येऊ द्या: १००, ११०, १२१, १३३, १४६, ७०. चक्रवाढ सूत्र सांगतं, बाजार दर वर्षी ६.९ टक्क्यांनी आक्रसतोय. रिग्रेशन सांगतं, उणे २.४. बाजार तोच, पूर तेवढाच, फक्त पुराचं वर्ष वेगळं. चक्रवाढ सूत्र १० वरून थेट उणे ७ वर गेलं. रिग्रेशनही हललं, पण त्याची उडी लहान आहे.

"मग दर वर्षाचा वाढदर काढून सरासरी घेऊ" असं कुणी म्हणेल. साध्या टक्क्यांची सरासरी फसवते. १०० चे १० टक्के घटून ९० झाले, मग १० टक्के वाढून ९९. सरासरी वाढ शून्य आणि खिशात एक रुपया कमी. लॉगमध्ये हिशेब चोख बसतो: उणे ०.१०५४ अधिक ०.०९५३, म्हणजे उणे ०.०१०१. पण लॉगच्या वार्षिक फरकांची सरासरी काढली की मधले सगळे आकडे एकमेकांना खोडतात आणि उरतो पुन्हा पहिला आणि शेवटचा. फिरून चक्रवाढ सूत्राच्याच दारात.

माझं मत विचाराल तर सुरुवात आणि शेवट दोन्ही साधारण वर्षं असतील तर चक्रवाढ सूत्र पुरेसं आहे, उगाच रिग्रेशनचा थाट नको. पण आपल्या भागात "साधारण वर्ष" सापडणं हाच प्रश्न आहे.

पुराचं वर्ष बाजूला काढायचं का?

सांगलीचे अलीकडचे आकडे डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट २०१९ चा महापूर आर्थिक वर्ष २०१९-२० मध्ये. कोविड आणि टाळेबंदीचा मुख्य मार २०२०-२१ मध्ये. जुलै २०२१ चा पूर २०२१-२२ मध्ये. सलग तीन वर्षं. ज्याची आकडेवारी २०२१-२२ ला संपते त्याला वाढ मेल्यासारखी दिसेल. ज्याची तिथून सुरू होते त्याला भरभराट दिसेल. दोघेही खोटं बोलत नसतील.

त्या वर्षाची ओळ खोडून टाकणं हा एक मार्ग, पण बरा मार्ग आहे डमीचा. डमी म्हणजे पुराच्या वर्षी १ आणि इतर वर्षी ० असा एक जादा रकाना. समीकरणाला आपण सांगतो की या वर्षी काहीतरी वेगळं घडलं, त्याचा हिशेब वेगळा ठेव. वरच्या पहिल्या उदाहरणात डमी घातली की वाढदर पुन्हा जवळजवळ १० टक्के होतो, आणि डमीचा गुणांक येतो उणे ०.६४२.

आता सावध. इथे प्रबंधामागून प्रबंध घसरतात. उणे ०.६४२ म्हणजे पुराने ६४ टक्के नुकसान झालं असं लिहिलं जातं. लॉग उलटवा: ई चा उणे ०.६४२ वा घात ०.५२६, त्यातून १ गेला की उणे ०.४७४. नुकसान ४७ टक्के आहे. पडताळा सोपा आहे. पूर नसता तर उलाढाल साधारण १३३ झाली असती, झाली ७०. ६४ आणि ४७ मधला फरक नुकसानभरपाईच्या अर्जात गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

डमीची चटक मात्र वाईट. दहा वर्षांच्या आकडेवारीत तीन डमी घातल्या की वाढदर ठरवायला सातच वर्षं उरतात. आणि पूर हा या खोऱ्यात पाहुणा आहे की घरचाच, हाही प्रश्न उरतो. २००५, २०१९, २०२१ अशी यादी असताना पुराची वर्षं काढून "खरा" वाढदर सांगणं म्हणजे कृष्णा नसलेल्या सांगलीचा वाढदर सांगणं. २००५ मध्ये हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं आणि हळद गेली. ते नुकसान त्या व्यापाराच्या वाढीचाच भाग आहे, अपवाद म्हणून बाहेर ठेवण्याजोगं नाही. दोन्ही आकडे द्यावेत, डमीसह आणि डमीशिवाय.

कोणता लॉग? सॉफ्टवेअरची भानगड

बारावीला आपण जे लॉग टेबल वापरलं ते १० च्या पायाचं. वाढीच्या समीकरणात लागतो तो नैसर्गिक लॉग, ई च्या पायाचा. सॉफ्टवेअरवाल्यांनी या दोघांची नावं एकसारखी ठेवलेली नाहीत. (पुढची फंक्शनं संगणकावर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. इथे त्यांचे उच्चार लिहितो.)

एक्सेलमध्ये नुसतं 'लॉग' लिहिलं की १० चा पाया मिळतो. नैसर्गिक लॉगसाठी 'एलएन' लिहावं लागतं. आर आणि स्टाटा या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं उलटं: तिथे 'लॉग' म्हणजेच नैसर्गिक लॉग. एसपीएसएस या तशाच आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये 'एलएन' नैसर्गिक आणि 'एलजी१०' दहाचा. आता एखाद्याने एक्सेलमध्ये 'लॉग' वापरून रकाना बनवला आणि पुढे रिग्रेशन केलं तर १० टक्क्यांच्या वाढीला गुणांक येईल ०.०४१. तो अहवालात ४.१ टक्के म्हणून छापला जाईल. आलेख सरळ दिसेल, निकाल भरवशाचा असल्याची खूण म्हणून छापले जाणारे तारे झळकतील, कुठेही लाल रेघ उमटणार नाही. गुणांक अपेक्षेपेक्षा साधारण दोन पूर्णांक तीन दशांश पटीने लहान वाटला तर संशय घ्यायचा तो इथे.

एक्सेलच्या आलेखावर राइट क्लिक करून ट्रेंडलाइन टाकणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. तिथे 'लॉगरिदमिक' नावाचा पर्याय दिसतो आणि हात आपोआप त्यावर जातो. तो पर्याय वर्षाचा लॉग घेतो, उत्पन्नाचा नाही. म्हणजे आधी झपाट्याने वाढून मग थंडावणारी वाढ. आपल्याला हवा तो 'एक्स्पोनेन्शियल'. नावात लॉग नाही, पण आत तोच आहे. किंवा थेट 'लॉगेस्ट' हे फंक्शन वापरावं. ते १.१० असं उत्तर देतं, त्यातून १ वजा केला की झाले १० टक्के, उलटवायची भानगड नाही.

एसपीएसएसमध्ये तर आणखी मजा. कर्व्ह एस्टिमेशनच्या खिडकीत 'कंपाउंड', 'ग्रोथ' आणि 'एक्स्पोनेन्शियल' असे तीन चौकोन असतात. तिन्हींवर टिचकी मारून "कोणतं मॉडेल चांगलं बसतं ते पाहिलं" असं लिहिणारे भेटतात. तिन्ही एकच वक्र आहेत, लिहिण्याची पद्धत तेवढी वेगळी. कंपाउंड १.१० सांगेल, बाकी दोन्ही ०.०९५३ सांगतील, आणि तिघांचा आर-वर्ग (रेषा ठिपक्यांना किती जवळून बसते त्याचं ० ते १ मधलं माप) शेवटच्या दशांशापर्यंत सारखा असेल.

आर वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं

आर फुकट आहे, त्यामुळे आता बरीच मुलं तिकडे वळली आहेत. तिथे समीकरण एका ओळीत लिहिता येतं: एलएम(लॉग(वाय) ~ टी). एलएम हे रिग्रेशनचं फंक्शन, वाय म्हणजे उत्पन्न, टी म्हणजे वर्ष. नागमोडी चिन्हाच्या डावीकडे जे समजावून घ्यायचं ते, उजवीकडे ज्याच्या आधारे समजावायचं ते. स्थिरांक न सांगता आपोआप येतो.

या ओळीतली चिन्हं मात्र गणिताची नाहीत. अधिकाचं चिन्ह म्हणजे "बेरीज कर" नव्हे, "हाही रकाना समीकरणात घे". उणे १ म्हणजे "स्थिरांक काढून टाक". आणि घाताचं चिन्ह म्हणजे घात नाहीच.

समजा वाढीचा वेग वाढतोय की मंदावतोय हे पाहायचं आहे. त्यासाठी वर्षासोबत वर्षाचा वर्गही समीकरणात घालतात. मूल लिहितं: लॉग(वाय) ~ टी + टी^२. आर हे वाचतो "टी आणि टी-चा-टीशी संयोग" असं, आणि टीचा टीशी संयोग म्हणजे टीच. वर्गाची ओळ गुपचूप गळते. चुकीचा निरोप नाही, इशारा नाही. निकालात एक गुणांक कमी दिसतो, तो मोजला तरच कळतं. यावर उपाय म्हणजे वर्ग मोठ्या 'आय' अक्षराच्या कंसात गुंडाळणं: आय(टी^२). मग आतलं गणित गणितासारखं होतं. लॉग()च्या कंसातही गणित गणितासारखंच होतं, म्हणून लॉग(भांडवल / मजूर) बिनदिक्कत लिहिता येतं.

दुसरी खोड 'लॅग'ची. मागच्या वर्षीचं उत्पन्न समीकरणात घालायचं म्हणून कालमालिकेवर मूळ आरमधलं लॅग वापरलं तर ते आकडे सरकवत नाही, फक्त त्यांच्यावरची तारखेची पाटी बदलतं. एलएम ती पाटी वाचतच नाही. परिणाम असा की उत्पन्नाचं स्वतःवरच रिग्रेशन होतं आणि गुणांक येतो अगदी बरोबर १. आर-वर्गही १. अशा निकालावर पेढे वाटण्याआधी रकाने उघडून पाहावेत. डीप्लायर पॅकेजमधलं लॅग खरंच आकडे सरकवतं.

"शून्य असेल तर? आणि आर-वर्ग ०.९९ आला म्हणजे बरोबरच ना?"

शून्याचा लॉग नसतो. आर तिथे उणे अनंत दाखवतो, एक्सेल चूक दाखवतो, स्टाटा ती ओळ रिकामी सोडून पुढे जातो. शेवटचं सर्वांत धोक्याचं, कारण अवर्षणात ज्या गावाची द्राक्षं शून्य निघाली तेच गाव हिशेबातून बाहेर पडतं. "सगळ्या आकड्यांत १ मिळवा" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. टनांत १ मिळवणं आणि किलोत १ मिळवणं सारखं नाही; एकक बदललं की वाढदर बदलतो, आणि लॉगचा जो फायदा वर सांगितला तोच गमावला जातो. शून्यं बरीच असतील तर लॉग सोडून प्वासाँ रिग्रेशनकडे जावं. अर्थ जवळपास तोच लागतो आणि शून्यं चालतात.

आर-वर्गाबद्दल: दर वर्षी वाढणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवल्या की तो उंचच येतो. साताऱ्यातले मोबाईल आणि न्यूझीलंडचं उत्पन्न ठेवून पाहा. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अभ्यासकांनी १९७४ मध्येच हा भ्रम दाखवून दिला. उतारा म्हणून लॉगचे वार्षिक फरक घेतात. फरक घेतल्यावर आर-वर्ग ०.९९ वरून ०.२० वर आला तर वाईट वाटून घेऊ नये, तेवढाच खरा होता. आणखी एक, डावीकडे लॉग असलेलं आणि नसलेलं मॉडेल यांचे आर-वर्ग एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींचा हिशेब देत असतात.

वर्षाच्या जागी कारणं

आतापर्यंत उजवीकडे फक्त काळ होता. काळ वाढ मोजतो, पण ती कशाने झाली ते सांगत नाही. कारणांकडे जायचं तर मार्ग चार्ल्स कॉब आणि पॉल डग्लस यांनी १९२८ मध्ये दाखवला. त्यांच्या मांडणीत उत्पादन म्हणजे भांडवल आणि मजूर यांच्या घातांचा गुणाकार. लॉग घेतला की बेरीज: लॉग(उत्पादन) = स्थिरांक + अ × लॉग(भांडवल) + ब × लॉग(मजूर). आता लॉग दोन्ही बाजूंना आहे, म्हणून अर्थ बदलतो. अ जर ०.३ असेल तर भांडवल १ टक्का वाढल्यावर उत्पादन ०.३ टक्के वाढतं. इथे पाया १० चा घेतला तरी अ आणि ब बदलत नाहीत, कारण दोन्हीकडे सारखाच फरक पडतो. बारावीचं लॉग टेबल इथे चालून जातं.

लॉग बसतो तो गुणाकाराला. जिथे नातं बेरजेचंच आहे तिथे तो लादू नये. देशाचं उत्पन्न म्हणजे उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निव्वळ निर्यात यांची बेरीज, ही व्याख्याच आहे. या सगळ्यांचे लॉग घेऊन उत्पन्नाच्या लॉगवर रिग्रेशन चालवणारे लेख दर वर्षी निघतात. आर-वर्ग ०.९९ येतो आणि निष्कर्ष निघतो की उपभोगाने वाढ होते. व्याख्याच फिरून हाती आली, वाढीबद्दल काही कळलं नाही. शिवाय निव्वळ निर्यात उणे असेल तर तिचा लॉगच निघत नाही.

कारणांचं गाजलेलं समीकरण मॅनकिव, रोमर आणि वाइल यांचं, १९९२ चं. या अर्थशास्त्रज्ञांनी रॉबर्ट सोलो यांचा १९५६ चा आर्थिक वाढीचा सिद्धांत ९८ देशांच्या आकड्यांवर तपासला. दरडोई उत्पन्नाचा लॉग डावीकडे, उजवीकडे गुंतवणुकीच्या प्रमाणाचा लॉग आणि आणखी एक रकाना: लॉग(लोकसंख्यावाढ + ०.०५). हे ०.०५ म्हणजे तंत्रज्ञानाची प्रगती आणि यंत्रांची झीज मिळून धरलेला अंदाज.

या रकान्यात मोठी चूक होते. गुंतवणूक २५ अशी टक्क्यांत दिली किंवा ०.२५ अशी दिली तरी तिचा गुणांक हलत नाही. त्यामुळे मुलं लोकसंख्यावाढही टक्क्यांतच देतात. २ टक्के असेल तर आत ०.०२ + ०.०५ म्हणजे ०.०७ हवं, २ दिलं तर होतं २.०५, आणि त्या पाच शतांशाला काही वजनच उरत नाही. लॉगच्या आत बेरीज असेल तर एककाची फिकीर करावीच लागते. सॉफ्टवेअर इथेही काही बोलत नाही.

जत वाळव्याला गाठेल का?

सोलोच्या सिद्धांतातून एक प्रश्न निघतो आणि तो आपल्या भागाला थेट लागतो: मागे असलेले पुढच्यांना गाठतात का? समीकरणात डावीकडे ठरावीक काळातला लॉग-उत्पन्नाचा फरक आणि उजवीकडे सुरुवातीच्या उत्पन्नाचा लॉग ठेवतात. गुणांक उणे आला तर जो मागे होता तो जास्त वेगाने वाढला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी पोचल्यावर आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके कडेगाव-वाळव्याच्या दिशेने सरकतायत का, किंवा साताऱ्यात माण-खटाव कराडच्या किती जवळ आलं, हे असंच तपासता येईल.

समजा तालुकानिहाय उत्पन्नाचे आकडे हाती आले. सुरुवातीचा लॉग उजवीकडे असतो तसाच डावीकडच्या फरकातही बसलेला असतो, हे विसरू नये. एखाद्या तालुक्याचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न चुकून कमी नोंदलं गेलं तर तो तालुका आपोआप मागासही दिसतो आणि वेगवानही. समीकरण त्याला "गाठणं" म्हणेल. म्हणून सुरुवातीचं एकच वर्ष न घेता तीन वर्षांची सरासरी घेतलेली बरी, आणि ती दुष्काळाची किंवा पुराची नसलेली बरी.

मग ओळी मोजा. सांगलीत तालुके १०, साताऱ्यात ११. एकवीस ओळींवर सुरुवातीचं उत्पन्न, सिंचन, लोकसंख्यावाढ आणि शिक्षण असे चार रकाने लादले तर दर रकान्यामागे जेमतेम पाच ओळी येतात. कोल्हापूरचे १२ आणि सोलापूरचे ११ घेतले की ४४ होतात. तेवढ्यावर दोन, फार तर तीन कारणं झेपतील. सिंचनाचा रकाना ठेवायचाच असेल तर त्यात "योजना मंजूर" हे वर्ष न टाकता चाऱ्यांतून, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या छोट्या कालव्यांतून, प्रत्यक्ष पाणी फिरलं ते वर्ष टाकावं. या दोन तारखांत कधी कधी दशकाचं अंतर असतं.